सात दिवस गाडी आत घेऊ नये

११ मे, शनिवार. ६१ अंश फॅरनहाइट. हवा कोरडी.

इपॉक्सीच्या, म्हणजे गॅरेजच्या जमिनीला लावायच्या रंगाच्या, डब्यांबरोबर आलेल्या पत्रकात म्हटलंय की काम सुरू केल्यापासून रोजचं तापमान टिपून ठेवा. मला हे सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षं लोण्याच्या कारखान्यात दर दोन तासांनी काटा बघून वहीत आकडा लिहिलाय. त्या वह्यांपैकी एक तळघरात कोरी सापडली, तिच्यातच लिहितोय. लिहिता लिहिता आकड्यांच्या पुढेही काही लिहिलं जातंय, पण वही माझी आहे आणि तपासायला येणारा साहेब कधीच निवृत्त झाला.

नातीची, किर्स्टनची, बारावी संपली. तिची पार्टी २ जूनला, रविवारी, आमच्या गॅरेजमध्ये. तिची आई, म्हणजे आमची जोलीन, फ्लॅटमध्ये राहते आणि तिथे गॅरेज नाही. इथे तर बारावीची पार्टी गॅरेजमध्येच व्हायला हवी, नाहीतर पोरगी पास झाली यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. गेल्या जूनमध्ये एकाच रविवारी आम्ही सहा गॅरेजांत सहा वेळा हॅमचे पाव खाल्ले. परत येताना माझी बायको मार्लिस त्या मुलांबद्दल एक शब्द बोलली नाही. कुणाच्या गॅरेजची जमीन कशी होती, एवढंच बोलली.

आमचा कोबा म्हणजे लाज आहे. दर हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेलं मीठ गाड्यांवरून गळून गळून त्याचे पोपडे निघालेत. आणि उजवीकडे, मागच्या भिंतीपासून सहा फुटांवर, तो तेलाचा डाग. दोन मोठी ताटं शेजारी ठेवावीत एवढा. तो अँडर्सचा, आमच्या मुलाचा.

१३ मे, सोमवार. ५८ अंश.

गॅरेज रिकामं केलं. दोन्ही गाड्या बाहेर, बर्फ काढायचं यंत्र शेडमध्ये, बाकी सगळं ताडपत्रीखाली. शेजारचा ऑर्व्हिल कॉफीचा मग घेऊन आला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. तो मदत करत नाही, पण हजर असतो.

"इपॉक्सी लावतोयस म्हणे."

"हो."

"माझ्या मेव्हण्याने लावलं होतं."

"मग?"

"निघालं." त्याने कॉफी प्यायली. "तसं सगळंच नाही निघालं. टायरखालचं निघालं. गडी तिसऱ्याच दिवशी गाडी घेऊन आत."

"पत्रकात सात दिवस सांगितलंय."

"त्यालाही पत्रक मिळालं होतं," ऑर्व्हिल म्हणाला.

तापलेलं टायर नव्या रंगावर उभं राहिलं की थंड होताना रंगाला धरून ठेवतं, आणि गाडी हलली की रंग उचलून घेऊन जातं. हे मला ठाऊक आहे. मी सूचना पाळणारा माणूस आहे. लोण्याच्या कारखान्यात जमीन दिवसातून तीनदा धुवायचो, आणि माझ्या पाळीत कुणाला तिच्यावर थेंब दिसला नाही.

१६ मे, गुरुवार. ६४ अंश.

दोन दिवस कोबा घासतोय. भांड्यांचा साबण, ताठ ब्रश, गरम पाणी. गुडघे बोलायला लागलेत. सगळीकडचा मळ निघाला, डाग जिथल्या तिथे. तेल असेल तिथे इपॉक्सी धरत नाही, फुगा येतो आणि सुटतं. मांजरांच्या पेटीत घालतात ती माती आणून डागावर पसरली, पायाने रगडली, रात्रभर ठेवली. सकाळी माती काळी झाली होती आणि डाग तेवढाच होता.

सहा वर्षांपूर्वीचा आहे. अँडर्सची नोकरी गेली तेव्हा तो हिवाळाभर इथे राहायला आला होता. चौतिसाव्या वर्षी. बरोबर सदुसष्ट सालची एक दोनदारी गाडी, इंजिन खोललेलं, अर्धी खोक्यांत. गॅरेजभर नट आणि चिंध्या. एका संध्याकाळी तेलाचं भांडं लवंडलं आणि त्याने ते तसंच ठेवून कुणाशी तरी फोनवर बोलत बसणं पसंत केलं. मी जरा बोललो. तो गाडी ओढून घेऊन गेला आणि बिलिंग्जला राहायला लागला. बारा तासांचा रस्ता आहे, सारखं येणं जमत नाही माणसाला. एवढंच.

१९ मे, रविवार. ६९ अंश.

चर्चहून आल्यावर निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा पोस्टात टाकायला मार्लिस स्वतः गेली. एरवी मला पाठवते.

आज तिने दुकानातून रूट बिअरच्या चोवीस बाटल्या आणल्या. आमच्यात ते बिनदारूचं गोड पाणी कोण पितं? किर्स्टन लेमोनेडवाली, मी कॉफीवाला. विचारलं तर म्हणाली, "पार्टीला काहीतरी वेगळं हवं, हार्लन." मग तळघरात जाऊन बहिणीशी अर्धा तास फोनवर. पूर्वी दोघी नाताळाला बोलायच्या, आता दर आठवड्याला. म्हातारपणी माणसं हळवी होतात.

वर आली आणि मला विचारते, "गाडी आत कधी घेता येईल?"

"रंग परवा-तेरवा लावला, तर पार्टीच्या आधी."

"आणि उशीर झाला तर?"

"तर नंतर. तुझी गाडी चार दिवस उन्हात राहिली तर विरघळणार नाही."

ती बोटांवर दिवस मोजत होती.

२२ मे, बुधवार. ५५ अंश. पाऊस.

प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून कोब्यावर ठेवला होता. आज काढला तर आतून घाम आलेला. म्हणजे खालून ओल येतेय, आणि रंग लावता येणार नाही. पंखे लावले. ऑर्व्हिल येऊन म्हणाला की त्याच्या मेव्हण्याने हे प्लास्टिकचं वगैरे काही बघितलंच नव्हतं. मी म्हटलं, म्हणून तर.

२५ मे, शनिवार. ७२ अंश. ऊन.

पंख्यांनी कोबा बऱ्यापैकी कोरडा केला. आज ॲसिडने धुतला. रबरी बूट, हातमोजे, दोन्ही दारं उघडी. जमीन फसफसते, धूर येतो, मग तीनदा पाण्याने धुवायची. वाळल्यावर हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागली. तशीच हवी. पाण्याचे थेंब टाकत सगळीकडे फिरलो. लगेच मुरले. डागावर टाकलेला थेंब गोल उभा राहिला.

पुन्हा घासलं. खास तेल काढायचं औषध आणलं, तेही लावलं. बाराच्या सुमारास मार्लिस कॉफी घेऊन आली आणि बघत उभी राहिली.

"टेबल ठेवू त्याच्यावर. कुणाला दिसणार आहे?"

"मला."

"तुला गेली सहा वर्षं दिसतोच आहे," असं म्हणून ती आत गेली.

तापमानाच्या वहीत खोटं लिहू नये, म्हणून लिहितो. मी 'जरा बोललो' नव्हतो. मी म्हणालो होतो, "तू हात लावशील ते अर्धवटच राहतं. नोकरी, लग्न, हे भंगारसुद्धा. ते पुन्हा या गॅरेजात दिसता कामा नये." तेव्हा त्याच्या हातात फोन होता. पलीकडे कोण होतं ते मला पुढे कळलं. नोकरीची मुलाखत चालली होती, म्हणून तो सांडलेलं तेल पुसायला उठला नाही. मार्लिसने मला हे तीन वर्षांनी सांगितलं. फोन करून त्याच्याशी बोलायला हवं होतं. दर रविवारी वाटतं, आणि मग सोमवार येतो.

चारला पुन्हा थेंब टाकला. मुरला. हळूहळू, पण मुरला.

२७ मे, सोमवार. ५९ अंश.

आज सुट्टी. दफनभूमीत सैनिकांच्या थडग्यांवर झेंडे लावले, माझ्या भावाच्याही. पाऊस. काम नाही.

२९ मे, बुधवार. ७१ अंश. ओलावा कमी.

लावला.

प्लास्टिकची परीक्षा काल पास झाली, आज सकाळी साताला सुरुवात. दोन डबे असतात, एकात रंग आणि दुसऱ्यात तो घट्ट करणारं द्रव्य. दुसरा पहिल्यात ओतला, ड्रिलला पातं लावून तीन मिनिटं घुसळलं. घुसळताना डबा हाताला गरम लागायला लागतो. तिथून पाऊण तास तुमचा, पुढे तो दगड होतो. लोणी निदान थांबतं माणसासाठी.

मागच्या भिंतीपासून दाराकडे येत गेलो. कडा ब्रशने, बाकी रोलरने. मार्लिसने पायांत खिळ्यांचे जोडे चढवले आणि ओल्या रंगावर रंगीत कपच्या उधळत माझ्यामागून आली. शेतावर वाढलेली बाई, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी मनगटातून टाकत होती. डागापाशी आलो तेव्हा दोघंही थांबलो. एकदा रोलर फिरवला, पुन्हा फिरवला. रंग बसला. फुगा आला नाही.

"गेला," मार्लिस म्हणाली.

"झाकला गेला," मी म्हटलं.

साडेआठला दारात उभे होतो. करडी, चकचकीत, भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसारखी जमीन. इतकी सुंदर जमीन मी स्वतःच्या घरात कधी पाहिली नव्हती. दिवसभर काही ना काही निमित्त काढून बघायला गेलो.

हिशेब असा: उद्यापासून चालता येईल, शुक्रवारी टेबलं ठेवता येतील, गाडी बुधवारी, ५ जूनला.

३० मे, गुरुवार. ८१ अंश. दमट.

रेडिओवर उद्या दुपारनंतर गारांचा इशारा. मार्लिसने ताबडतोब विचारलं, "माझी गाडी आत?"

"नाही."

"अंड्याएवढ्या गारा म्हणतायत, हार्लन."

"तुझ्या गाडीला विमा आहे. जमिनीला नाही."

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आणि आणखी कुणाची गाडी असली तर?"

"कुणाचीही असो. राष्ट्राध्यक्षांची असली तरी."

संध्याकाळी तिने पाहुण्यांच्या खोलीतल्या चादरी बदलल्या. ती खोली कुणासाठी, ते विचारलं नाही. पार्टीच्या आधी बायकांना काय काय सुचतं.

१ जून, शनिवार.

काल लिहायला बसता आलं नाही. सकाळी स्वयंपाकघरात लिहितोय, घर अजून झोपलंय.

काल चारच्या सुमाराला ऑर्व्हिल कुंपणावरून म्हणाला, "तुझ्याकडे कुणीतरी आलंय." मी बघितलं. घरापुढे रस्त्याच्या कडेला एक गडद हिरवी गाडी उभी होती. आमचा अंगणातला रस्ता गॅरेजपर्यंत मोकळा होता, चार गाड्या मावतील इतका. तरी तो बाहेर रस्त्यावर थांबला होता.

अँडर्स. केस पांढरे झालेत कानांपाशी. चालत वर आला आणि गॅरेजच्या उंबऱ्याशी, रंग सुरू होतो त्या रेघेवर, थांबला.

"हाय, डॅड."

"हाय."

"चांगलं झालंय हे."

"बरं आहे."

"वाळलंय का?"

"चालायला वाळलंय."

"गाडीला?"

"बुधवारपर्यंत नाही."

"मग बरंच झालं," तो म्हणाला, "मी रस्त्यावर लावलीय ते."

मी विचारलं किती वेळ लागला, तो म्हणाला साडेबारा तास. मी विचारलं रस्त्याचं काम चालू आहे का वाटेत, तो म्हणाला दोन ठिकाणी. मग मार्लिस आतून आली आणि त्याच्या गळ्यात पडली, आणि मला रूट बिअर, चादरी, ते 'बहिणीचे' फोन, सगळं एकदम कळलं. मी इतका मठ्ठ कसा, याचं उत्तर या वहीत शोधलं तर मिळेल बहुतेक.

नंतर एकटाच रस्त्यावर गेलो आणि गाडीभोवती फिरलो. तीच. सदुसष्ट सालची. दार उघडून लावून बघितलं, आवाज घट्ट येतो. चामडं त्याने स्वतः शिवलंय, दोन टाके जरा वाकडे आहेत. रंगात कुठे ओघळ नाही. तो मागे येऊन उभा राहिला.

"रंग बरा बसलाय," मी म्हटलं.

"हो. सहावा हात आहे."

पाचला आकाश हिरवट झालं. पावणेसहाला ऑर्व्हिलच्या बोटीवरच्या पत्र्यावर पहिला टोला पडला. मी गॅरेजमध्ये टेबलं मोजत होतो. दारातल्या काचेतून बघतो तर अँडर्स घरातून पळत सुटलाय, हातात मार्लिसच्या तीन रजया, आणि रस्त्यावर जाऊन त्या गाडीवर पसरतोय. एक पसरली की वारा दुसरी उडवायचा. गारा त्याच्या डोक्यावर, पाठीवर. त्याने घराकडे एकदाही बघितलं नाही. सहा वर्षांपूर्वी त्याला सांगितलेलं तो अजून पाळत होता.

मला माझ्या त्या वाक्याची इतकी लाज कधी वाटली नव्हती. दाराचं बटण मी कधी दाबलं ते आठवत नाही. दार वर गेलं आणि मी ओरडलो, "आत घे!"

"डॅड, जमीन..."

"आत घे म्हटलं ना."

"सात दिवस..."

"मला वाचता येतं. घे आत."

त्याने रजया तशाच टाकल्या आणि गाडी वर आणली. मी पुढे उभा राहून हाताने दाखवत होतो, थोडं डावीकडे, अजून, ये, ये. टेबलांना लागू नये म्हणून त्याला चाक वळवावं लागलं, तेव्हा रंगावर टायर कुरकुरलं. ते मी ऐकलं, खोटं कशाला सांगू. पण हात मी 'ये' म्हणूनच हलवत राहिलो. गाडी मागच्या भिंतीपाशी थांबली, उजवीकडे, पूर्वी असायची तिथेच. दार खाली केलं.

मग छपरावर असा काही मारा सुरू झाला की बोलणं शक्यच नव्हतं. ते आम्हा दोघांनाही सोयीचं होतं. बंपरला टेकून उभे राहिलो. मार्लिस आतल्या दारात टॉवेल घेऊन. दहा मिनिटांनी आवाज ओसरला आणि आता कुणीतरी बोलायला हवं होतं.

"पुरी केलीस," मी म्हटलं.

"हो."

"मी चुकीचं बोललो होतो. तेव्हाच माहीत होतं मला."

तो डोकं पुसत होता. बराच वेळ पुसलं. मग टॉवेलमधूनच म्हणाला, "अजून थोडं तेल गळतं."

खाली बघितलं तर खरंच एक थेंब पडला होता, नव्या करड्या जमिनीवर. त्याने घाईने खिशातून रुमाल काढला. मी आधी वाकलो आणि माझ्या बाहीने पुसला. एका फटक्यात निघाला, पत्रकात म्हटलंय तसा.

बाहेर आलो तर मार्लिसच्या गाडीच्या टपावर खड्डेच खड्डे. तिने एका खड्ड्यात बोट घालून बघितलं.

"विमा आहे, नाही का?" ती म्हणाली.

मला वाटतं हे मला आता मरेपर्यंत ऐकावं लागणार आहे.

३ जून, सोमवार.

शनिवारी गाडी बाहेर काढताना चिकटपट्टी ओढावी तसा आवाज झाला. चारही टायरांखालचा रंग गेला, आणि वळवलं होतं तिथे दोन लांब वाकडे पट्टे, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत. अँडर्सचा चेहरा उतरला. "मी आज लगेच करून देतो," म्हणाला. मी म्हटलं, उद्या पार्टी आहे, टेबलं लावायला हात दे.

ऐंशी माणसं येऊन गेली. हॅमचे पाव संपले, लिंबाच्या वड्या संपल्या, किर्स्टनच्या फोटोंचा फळा सगळ्यांनी बघितला. रूट बिअरच्या अकरा बाटल्या अँडर्सने एकट्याने प्यायल्या, लहानपणापासूनची खोड आहे, मीच विसरलो होतो. लोक हिरवी गाडी बघायला बाहेर, जमीन बघायला आत. ऑर्व्हिल पट्ट्यांपाशी वाकून उभा होता.

"हार्लन, हे काय झालं?"

"गाडी आत घेतली."

"दोन दिवसांत?"

"दोन दिवसांत."

"तू?" त्याने कॉफीचा घोट घेतला. "मेव्हण्याला सांगायला हवं. बरं वाटेल त्याला."

किती जण परतीच्या वाटेवर आमच्या जमिनीबद्दल गाडीत बोलले असतील, देव जाणे. मार्लिसला विचारलं, तुला वाईट वाटलं का. तिने ताटं धुताना नुसती मान हलवली, नाही म्हणून.

४ जून, मंगळवार.

अँडर्स सकाळी साताला निघाला. मार्लिसने डबा भरून दिला. आमच्याकडे निघतो म्हटल्यावर दारात, मग अंगणात, मग गाडीच्या काचेपाशी, असं तीन वेळा निघावं लागतं. काचेपाशी तो म्हणाला, "डॅड, ती जमीन. डबा उरलाय ना?"

अर्धा संच उरलाय. घासायचं, दोन पट्टे, चार ठिपके. एका माणसाची एक सकाळ.

"उरलाय," मी म्हटलं, "पण जुन्या रंगाला नवा जोडायचा म्हणजे दोन माणसं लागतात. एकाने होत नाही."

"ऑर्व्हिल?"

"ऑर्व्हिल मदत करत नाही."

त्याने समोरच्या काचेतून जरा वेळ रस्त्याकडे बघितलं. "जुलैत चार दिवस रजा मिळेल मला."

"जुलै बरा. हवा कोरडी असते."

गाडी वळणापर्यंत दिसत होती. मग मी आत येऊन उरलेला डबा वरच्या फळीवर ठेवला. मार्लिस पत्रक हातात घेऊन दारात उभी होती, चष्मा लावून.

"दोन माणसं लागतात असं कुठे लिहिलंय यात?"

"शेवटच्या पानावर," मी म्हटलं.

तिने शेवटचं पान उलटून बघितलं. ते कोरं आहे. तिने पत्रकाची घडी घातली आणि डब्याखाली सरकवून ठेवलं.